वाफसा येईपर्यंत

नीलाने शेवटचं जे लिहिलं ते औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, बोलता येत नव्हतं. उजव्या हाताला सलाईन, म्हणून डाव्या हाताने लिहिलं. पेन नर्सचं होतं आणि ते परत हवं म्हणून नर्स कॉटपाशीच उभी होती.

"रामफलला सांगा. वाफसा येईपर्यंत थांबायचं. घाई नको. पेंढा जाळू द्यायचा नाही."

पेंढ्याचं कळलं. वरच्या वाक्यात 'वापस' लिहिताना प चा फ झाला असेल असं वाटलं. एरवी नीलाला कुणाची वेलांटी चुकलेली खपत नसे, पण डावा हात होता.

मी विचारलं, "तू वापस येईपर्यंत थांबायचं?"

तिने मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मास्क आणि उशीमुळे नीट कळलं नाही. मी हो धरलं.

चौथ्या दिवशी, तीन नोव्हेंबरला, ती गेली. फुप्फुसं. धुराने की जुन्या दम्याने की आणखी कशाने, हे डॉक्टरांनी तीन प्रकारे सांगितलं आणि मला तिन्ही पटले.

मी जन्मलो दिल्लीतच, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. घरात मराठी, दार उघडलं की हिंदी. नोकरी पाटबंधारे खात्याच्या हिशेब शाखेत केली, पण पाट म्हणून आयुष्यात पाहिला तो नकाशावर. नीला परभणीकडची, शेतकऱ्याची मुलगी. द्वारकेच्या शाळेत तिने तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलं. रिटायर झाल्यावर तिने आमच्या सोसायटीत दूध घालणाऱ्या रामफलला एक दिवस विचारलं, तुमच्या गावाला जमीन किती? त्याने सांगितलं, आठ किल्ले. तिकडे एकराला किल्ला म्हणतात. त्यातले दोन तिने वाट्याने घेतले. अर्धं धान्य त्याचं, अर्धं आमचं. पेरायचं कसं ते नीला ठरवणार.

तिच्या धाकट्या बहिणीला, अलकाला, फोनवर सांगितलं, दोन किल्ले घेतलेत, तर अलका म्हणाली, "अगं बाई! आणि तोफा किती?"

गाव माजरी खुर्द. नजफगडवरून टेम्पो मिळतो, हरियाणाची हद्द ओलांडली की वीस मिनिटं. तीन वर्षं नीला आठवड्यातून दोनदा जायची. मी कधीमधी गेलो, पण बांधावर खुर्ची टाकून पेपर वाचला.

भात निघाला की तिकडे पेंढा पेटवून देतात. भात आणि गव्हाच्या मध्ये दिवस कमी असतात. नीलाने पहिल्या वर्षीच सांगितलं की जाळायचं नाही. पेंढा पसरायचा आणि त्याच्यातूनच गहू पेरायचा. त्यासाठी एक यंत्र असतं. त्याला हॅपी सीडर म्हणतात, आणि गावात नुसतं हैप्पी.

रामफल म्हणाला होता, "बहनजी, जमीन को रजाई ओढाओगे?"

नीला म्हणाली, "हां. मार्च में उतारनी नहीं पड़ेगी."

मला ती घरी समजावून सांगायची. पूर्वी होळीपर्यंत थंडी असायची, आता दाणा भरायच्या वेळीच ऊन तापतं आणि दाणा बारीक राहतो. पेंढा वर असला तर मुळं गार राहतात, एक पाणी वाचतं. धूर होत नाही, मातीतलं मातीत राहतं. मी हूं हूं करायचो. गेल्या मार्चमध्ये सगळ्या शिवारात गहू एकदम पिवळा पडला, तेव्हा तिचा आणखी सहा दिवस हिरवा होता. हे रामफलने मला स्वतःहून सांगितलं. त्याचे स्वतःचे सहा किल्ले तो जाळतच होता.

या वर्षी ऑक्टोबरात नको तेव्हा पाऊस झाला, कापणी लांबली. भात काढून, पेंढा तसाच ठेवून, रामफलने एकोणतीस तारखेला पेरणीआधीचं पाणी दिलं. नीला तेव्हा हॉस्पिटलमध्ये होती. पाणी दिल्याचं कळल्यावर दुसऱ्या दिवशी तिने तो कागद लिहिला होता.

ती गेल्यावर तो कागद माझ्या शर्टाच्या खिशात होता. कोण वापस येईपर्यंत थांबायचं? ती तर येणार नव्हती. मग मी असा अर्थ लावला की मी. तेरावं आटपून मी शेतावर वापस जाईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. आपल्याशिवाय पेरणी होऊ नये असं तिला वाटलं असेल. तसं तिने कधी म्हटलं नव्हतं. पण शेवटचं लिहिलं आहे म्हणजे त्यात काहीतरी असणार.

सात तारखेला सकाळी रामफलचा फोन आला. घरात माणसं बसली होती. कृतिका, माझी मुलगी, चहा देत होती. मी गॅलरीत गेलो.

"बाबूजी, राम राम. खेत बत्तर आ लिया सै. हैप्पी बुला ल्यूं?"

बदतर, असं मी ऐकलं. शेताची हालत वाईट झाली. त्यावर हा मला हॅपी म्हणतो. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

मी म्हणालो, "भाई, जो हो गया सो हो गया. अभी कुछ मत करो. मैं आऊंगा तब देखेंगे. बहनजी लिख के गई हैं, रुकना है."

"रुकणा सै?"

"हां. रुकना है."

"ठीक सै जी."

दहा तारखेला पुन्हा फोन आला. या वेळी त्याचा आवाज जरा दबका होता.

"बाबूजी, बत्तर निकळण लाग रया सै."

वाईट दिवस निघून चालले आहेत, असं तो म्हणतोय असं मला वाटलं. दूध घालणारा माणूस, इतक्या दुरून धीर देतो. मला भरून आलं.

"हां भाई, निकल जाएगा. धीरे धीरे ही निकलता है."

त्याने वेगळ्या तऱ्हेने विचारलं.

"बाबूजी, निकळ गया तो फेर के करोगे?"

"जी लेंगे," मी म्हणालो.

"ठीक सै जी," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

पंधराला तेरावं झालं. कृतिका पुण्याला परत गेली. जाताना म्हणाली, "बाबा, ते शेत सोडून द्या ना यार. तुम्हाला त्यातलं काय कळतं?" ती खोटं बोलत नव्हती.

सोळाला मी निघालो. डोकं तासलेलं होतं, टोपी घालायची विसरलो. टेम्पोत एक म्हातारी माझ्या डोक्याकडे बघून सरकली आणि मला खिडकीशी जागा दिली. बाहेर ऊन होतं पण सावली पडत नव्हती. धुरातून सूर्याकडे सरळ बघता येत होतं.

शेतावर रामफल आणि त्याची बायको बिमला, दोघं उभे होते. रामफलच्या सहा किल्ल्यांत नांगरट होऊन पेरणी झालेली होती, कडेला काळे पट्टे दिसत होते. आमचे दोन किल्ले जसेच्या तसे. पेंढा पडलेला. कापणीयंत्राने कुठे ढीग टाकले होते, कुठे जमीन उघडी होती. उघड्या जमिनीला भेगा दिसत होत्या.

बिमलाने मला पाणी दिलं. नीलाबद्दल दोन शब्द बोलली, ओढणी डोळ्याला लावली.  रामफलने पायाने एक ढेकूळ उडवलं.

"लो जी," तो म्हणाला. "आ लिये थम. इब देख ल्यो. मैंने दो बार फोन करया था."

"हां, तुम्ही... तुमने कहा था हालत बदतर है."

"मैंने न्यूं कद कह्या?"

"बदतर. सात तारीख को."

रामफल बिमलाकडे बघायला लागला. मग माझ्या डोक्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला, जसा आजाऱ्याशी बोलताना आणतात.

"बाबूजी, कोए बात ना. इब मेरी सुणो. दोबारा पाणी द्यां, फेर दस दिन. फेर हैप्पी का नंबर आवै ना आवै. दिसंबर लाग ज्यागा. इतणा पछेता गेहूं बहनजी का मार्च नहीं झेलैगा. सीधी बात, आज तीली लगा द्यो. कल पाणी, मोटर चालू सै. ट्रॅक्टर घर का सै. जल्दी निमट ज्यागा."

म्हणजे पेंढा जाळला की हैप्पीची वाट बघायला नको, नाहीतर उशिराच्या गव्हाला मार्चचं ऊन सोसणार नाही. त्याने खिशातून काडेपेटी काढली. काही वाईट हेतूने नाही. विडी ओढणारा माणूस आहे, त्याच्या खिशात असतेच. पण ती दिसल्याबरोबर मी कागदासाठी खिशात हात घातला.

"जाळायचं नाही," मी मराठीतच म्हणालो. "तिने लिहिलंय."

"रुकणा भी उननै ए लिख्या था के?"

मी कागद काढला. घामाने एका घडीवर शाई फुटली होती. रामफल आठवीपर्यंत शिकलेला आहे. त्याने कागद लांब धरला आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं.

"राम-फल-ला सां-गा. वा-फ-सा..." तो थांबला. "यो के सै, वाफसा?"

"वापस. वापस येईपर्यंत थांबायचं. म्हणजे वापस आने तक रुकना."

"ना जी. फ सै. प कोन्या."

"डाव्या हाताने लिहिलंय. उल्टे हाथ से."

"उल्टे हाथ तै पूरा कागज लिख दिया, एक्को अक्षर गलत ना सै. अर पाछै यो आ की मात्रा भी सै. फ-सा." त्याने कागद बिमलाला दाखवला. बिमलाला वाचता येत नाही, तरी तिने बघितलं आणि म्हणाली, "बहनजी गलत ना लिख्या करती."

मला वाटलं, हे दोघं मला वेडा ठरवताहेत. मग वाटलं, मी आहेच. शब्द खरंच वाफसा असा होता. मी तो पंधरा दिवस खिशात घेऊन फिरत होतो आणि एकदाही आहे तसा वाचला नव्हता. पण वाफसा म्हणजे काय? कपड्याला वाफ देतात तसं काही? मला ठाऊक नव्हतं. बेचाळीस वर्षं नीलाबरोबर राहिलो. तिने हा शब्द माझ्यासमोर उच्चारला असेल तेव्हा मी पेपर वाचत असेन.

मी अलकाला फोन लावला. ती अजून माहेरच्या शेतावरच राहते.

"अलका, वाफसा म्हणजे काय गं?"

"काय झालं दाजी? कुठं आहात तुम्ही?"

"शेतावर. नीलाने लिहिलंय, वाफसा येईपर्यंत थांबायचं."

"मग बरोबरच की. पाणी दिल्यावर लगीच पेरत नसतेत. वाफसा आला का पेरायचं."

"पण म्हणजे काय?"

"आता म्हणजे काय सांगू! चिखल बी न्हाई आन् वाळलेली बी न्हाई. मूठभर माती घ्या अन् दाबा. लाडू व्हायला पाहिजे, पण हाताला चिटकू न्हाई. मग कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. फुटला का समजा वाफसा हाय. दाजी? आईकताय न्हवं? वाफसा कवा आलता तिथं?"

फोन स्पीकरवर होता. मी तिच्या सांगण्यासरशी नकळत मूठ दाबत होतो, उघडत होतो. रामफल माझ्या मुठीकडे बघत होता. एकदम तो मोठ्याने म्हणाला,

"यो तो बत्तर सै!"

"क्या?"

"बत्तर! बत्तर! न्यूं ए देख्या करैं." त्याने स्वतःची मूठ दाबून दाखवली, कमरेवरून सोडली. "मैंने फोन पै योए तो कह्या था. बत्तर आ लिया. फेर कह्या, बत्तर निकळै सै. अर थम बोले, जी लेंगे!"

बिमला हसली. मग तोंडावर ओढणी घेतली. मग तिला आवरेना. रामफलही हसला. मीही हसलो आणि मग बांधावर खाली बसलो. नीलाने सांगितलं होतं. रामफलने सांगितलं होतं, दोनदा. एकच गोष्ट. दोघांनीही आपापल्या घरचा शब्द वापरला होता आणि दोन्ही घरांत मी पाहुणा होतो.

"कोण हसतंय तिकडं?" फोनमधून अलका विचारत होती. "दाजी, वाफसा गेला का काय?"

"गेला," मी म्हणालो.

"पेंढा हाय न्हवं वर? मग उचकून बघा ना खाली. झाकल्याली जमीन इतक्यात न्हाई सोडत."

हे मी रामफलला हिंदीत सांगितलं. तो आधीच एका ढिगाकडे निघाला होता. त्याने दोन्ही हातांनी पेंढा बाजूला केला. वरचा पेंढा सोनेरी, मधला तपकिरी, खालचा काळपट आणि दमट. त्याखाली माती काळी होती. भेग नव्हती. एक गांडूळ आत सरकलं. रामफलने मूठ भरली, दाबली, कमरेवरून सोडली. लाडू फुटला.

 तो दुसऱ्या ढिगाकडे गेला, मग पातळ पेंढा होता तिथे, मग आणखी पुढे. सगळीकडे मूठ. उघड्या पट्ट्यात लाडूच झाला नाही, बोटांतून भुगा गळाला. दीडेक किल्ल्यात पेंढ्याखाली ओल टिकली होती.

परत आला तेव्हा त्याने काडेपेटी खिशात टाकली होती.

"एक दिन का सै," तो म्हणाला. "बस कल का." मग त्याने मशीनवाल्याला फोन लावला, बराच वेळ भांडला, कुणाच्या तरी मेव्हण्याची शपथ घातली. मशीन दुसऱ्या दिवशी बारा ते तीन येणार असं ठरलं. दव सुकल्याशिवाय ते चालत नाही, ओला पेंढा दातांत गुंडाळतो. अट अशी की ढीग सारखे पसरलेले हवेत, नाहीतर मशीन अडेल आणि तो निघून जाईल.

"पण आज पसरवलं तर ओल उडेल," मी म्हणालो. मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

रामफलने माझ्याकडे बघितलं. "बाबूजी नै बत्तर समझ आ गया," तो बिमलाला म्हणाला. "हां जी. तड़कै फैलावांगे. मशीन तै आगै-आगै."

तड़कै म्हणजे उद्या सकाळी, म्हणून रात्री त्यांच्याकडेच झोपलो. सकाळी आठला शेतात. धुक्यात धूर होता की धुरात धुकं, कळत नव्हतं. पेंढा पसरायला तिकडे जेळी वापरतात, लांब दांड्याचं, बोटांसारखे दात असलेलं लाकडी अवजार. रामफलने एक मला दिली. मी ती उलटी धरली. बिमलाने न बोलता सुलटी केली.

पहिल्या ढिगाला मी जेळी घातली आणि उचलली तर अख्खा ढीगच हलला, माझ्याच्याने उचलेना. बिमला म्हणाली, थोडा-थोडा. ती जेळीच्या टोकावर थोडाच घ्यायची, मनगट फिरवायची आणि पेंढा हवेत सुटा होऊन पडायचा. माझा गोळाच पडायचा. मग ती तो गोळा मोडायची. म्हणजे माझ्यामुळे तिचं काम वाढत होतं. तासाभराने हाताला फोड आले. भुसा नाकात, तासलेल्या डोक्यावर, मानेत. खोकला लागला तो थांबेना. बिमलाने आपल्या पिशवीतून एक टॉवेल काढून माझ्या डोक्याला बांधला, लहान मुलाला बांधतात तसा, आणि म्हणाली, "थम बैठ ज्याओ बाबूजी. बहनजी भी बैठ ज्याया करती."

नीला बसत असे? मला घरी येऊन सांगायची, आज दोन तास पेंढा पसरला. दम लागायचा हे सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं?

मी बसलो नाही. पण फार काही केलंही नाही. बारा वाजले तेव्हा त्या दोघांनी अर्धा किल्ला केला होता आणि मी तीन ढीग.

मशीन सव्वा बाराला आलं. ड्रायव्हरने ढिगांकडे बघून तोंड वाकडं केलं. "यो फैलाया सै?" ते माझे तीन होते. रामफल म्हणाला, "चाल तू, आगै म्हारा सै." मशीन सुरू झालं. पुढचे दात पेंढा बाजूला करायचे, मागून बी आणि खत जमिनीत जायचं आणि पेंढा परत बसायचा. मशीन गेल्यावर मागे पेरलंय असं वाटतच नव्हतं. शेत तसंच, झोपल्यासारखं. मशीनपुढे आम्ही तिघं धावत ढीग मोडत होतो. एकदा माझ्या गोळ्यात ते अडलं. ड्रायव्हर उतरला, दातांतला पेंढा विळ्याने कापला, आणि मला न बघता म्हणाला, "ताऊ नै साइड मैं कर दे कोए."

मी बाजूला झालो. ती शेताची उघडी बाजू होती, भेगा पडलेली. तिथे मशीन आणलंच नाही.

तीनला सगळं आटपलं. दीड किल्ला झाला. अर्धा राहिला.

बारा दिवसांनी गेलो तेव्हा पेंढ्यातून कोंब वर आले होते. ओळी सरळ होत्या, माझ्या ढिगांची जागा सोडून. तिथे तुरळक. वाऱ्यावर कोंब हलत होते आणि पेंढा हलत नव्हता. मी किती वेळ उभा राहिलो माहीत नाही. नीलाला हे सांगायला हवं असं वाटलं आणि हात फोनकडे गेला. फोन अलकाला लावला.

"आलाय," मी म्हणालो. "दीड किल्ला."

"आन् बाकी अर्ध्याचं?"

"तिथला वाफसा गेला होता." मग मी विचारलं, "अलका, गेलेला वाफसा परत येतो का गं?"



"येतो की दाजी," ती म्हणाली. "पाणी दिलं का येतो. वाट बघावी लागती."

रामफल म्हणाला, अर्ध्या किल्ल्यासाठी कशाला, उशीर झालाय, चाऱ्यासाठी ओट टाकू, गुरं खातील. मी हो म्हणालो. जमिनीवर पसरायला त्याने आपल्या गोठ्यातला उरलेला पेंढा आणला. एका दुपारी मोटर चालू करून आम्ही पाणी सोडलं.

तेव्हापासून मी रोज जातो. मेट्रो नको, तिकडून उलटं पडतं. रिक्षा, मग टेम्पो. टेम्पोवाला आता कुठे उतरणार ते विचारत नाही. पेंढा उचकतो, मूठ भरतो. पहिले चार दिवस नुसता चिखल, बोटांत राहायचा. सहाव्या दिवशी चिकटणं कमी झालं. आज नववा. आज लाडू झाला, हाताला माती लागली नाही असं वाटलं. कमरेवरून सोडला. फुटला.

मी बांधावरून हाक मारली, "रामफल, बत्तर आ गया!"

तो म्हैस धूत होता. हात पुसत आला. वाकला, माझ्या जागेपासून हातभर लांब मूठ भरली, दाबली, उघडली, तळव्याकडे बघितलं. तळव्यावर ओला डाग होता. मी माझा तळवा बघितला. त्यावरही होता.

"आज ना, बाबूजी," तो म्हणाला. "तड़कै."

मी पेंढा परत नीट झाकला आणि थांबलो.